पुढची काच आणि दोन दारं

मी एक जुनी शेवरोले आहे आणि खरं सांगायचं तर फार थकले आहे. मित्रांनो, माझ्या वयाच्या गाड्या इतर देशांत भंगारात जातात म्हणे. इथे क्यूबात, मातान्सास शहरात, आम्हाला मरायला सवड नाही. मी घडले अमेरिकेत, पण माझं पहिलं इंजिन कधीच गेलं. आता छातीत एका रशियन ट्रकचं काळीज धडधडतं. ब्रेक कुणाचे, दिवे कुणाचे, ते मला आठवत नाही. अंगावरचा निळा रंग घराच्या दारांना लावतात तो, ब्रशने फासलेला. तरी सकाळी चावी फिरली की मी उठते. उठावंच लागतं.

माझे मालक एव्हारिस्तो. त्यांनी मला भाड्याने चालवली, पण लेकीसारखी जपली. माणसं कोंबून बसायची आणि उतरताना दार धाडकन लावायची. एव्हारिस्तो मान बाहेर काढून म्हणायचे, "दार आहे ते, फ्रीज नाही. हळू लाव की रे." लोक हसायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आपटायचे. एकेका धडाक्याने माझ्या काचेभोवतीचं रबर सैल होत गेलं.

गेल्या पावसाळ्यात एव्हारिस्तो वारले. कबरस्तानातून परतताना त्यांचा मुलगा नेलो मला चालवत होता आणि त्याची धाकटी बहीण लुमी शेजारी बसली होती. बाहेर धो धो पाऊस, म्हणून खिडक्या गच्च बंद. लुमीच्या घराचं छत गळत होतं. तिने वरादेरोच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या एका माणसाचं नाव काढलं. तो जुन्या गाड्यांची छपरं कापतो, त्यांना गुलाबी रंग देतो आणि त्यांतून पर्यटकांना हिंडवतो.

"बाबांची माती अजून ओली आहे," नेलो म्हणाला, "आणि तू गिऱ्हाईक घेऊन आलीस?"

"माती ओली आहे तसा माझा पलंगही ओला आहे, नेलो. एक रात्र येऊन झोप, मग बोल."

"आणि गाडी गेली की मी काय चालवू? तुझी जीभ? ती मात्र छान चालते."

घरापाशी दोघं दोन बाजूंनी उतरले आणि दोघांनी एकाच क्षणी दारं आपटली. आत कोंडलेल्या हवेला जायला वाट नव्हती. गंजलेल्या चौकटीत आधीच दुखरी झालेली माझी पुढची काच या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडकली. प्रत्येकाला दुसऱ्याचंच दार ऐकू आलं. "तू फोडलीस," म्हणाला तो. "तू," म्हणाली ती. त्यानंतर बोलणंच खुंटलं. मला सगळं माहीत होतं, पण मला विचारतो कोण?

मग मी ताडपत्रीखाली पडून राहिले. कोंबड्या माझ्या टपावर बसू लागल्या. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला बरं वाटलं. ना चढ, ना खड्डे. पण नेलो रोज सकाळी येऊन स्टेअरिंगवर हात ठेवून नुसता बसायचा, ते मला बघवत नसे.

एका रविवारी लुमी हातगाडी घेऊन आली. तिच्यावर गोधडीत गुंडाळलेली काच होती, कार्देनास गावात मोडीत निघालेल्या माझ्याच एका बहिणीची. सोबत नवं रबर, लुमीच्या मुलाने समुद्रापलीकडून पाठवलेलं. असं रबर पुन्हा मिळणार नव्हतं.

"विकायची तरी काच लागतेच," लुमी नेलोकडे न बघता म्हणाली. "उद्या तो माणूस बघायला येतोय."

नेलोने मान हलवली. भांडायचं बळ त्याच्यातही उरलं नव्हतं. माझ्या छपराचा तेवढाच एक दिवस राहिला, हे मला कळून चुकलं.

त्याने गंज खरवडला. तिने रबर उन्हात तापवून मऊ केलं आणि काचेभोवती चढवलं. रबराच्या खाचेत कपडे वाळत घालायची दोरी बसवली, तिची टोकं आत सोडली आणि सगळीकडे साबणाचं पाणी लावलं. लुमीने बाहेरून काच टेकवली. नेलो आत बसला. दोरी ओढत गेलं की रबराची कड पत्र्यावरून आत वळते, पण त्याच जागी बाहेरून कुणाला तरी दाबावं लागतं. एकट्याचं हे काम नाही.

वरच्या मजल्यावरचा शेजारी सिक्स्तो खिडकीत कॉफी पीत म्हणाला, "काच बसवताय की मयत उचलताय? बोला की काहीतरी."

नेलोने रागातच दोरी खेचली आणि कोपऱ्यात रबर ताणलं गेलं. आता फाटणार, असं मला वाटलं. तेवढ्यात लुमीने काचेवर बोटाने दोनदा टकटक केलं. दोनदा म्हणजे थांब, एकदा म्हणजे ओढ. लहानपणी बाबांना मदत करताना त्यांनीच शिकवलं होतं. नेलोचा हात जागीच थांबला. इतक्या दिवसांनी त्याने वर पाहिलं, तर काचेपलीकडे लुमी रडत होती.

तिने कोपऱ्यावर तळहात दाबला आणि एकदा टक केलं. तो हळूच ओढू लागला. टक, ओढ. टक, ओढ. सगळी कड आत वळून बसली.

लुमीने काचेवर बादलीभर पाणी ओतलं. नेलोने आतून बोट फिरवून पाहिलं, तर सगळं कोरडं.

"गाडीला बरं छप्पर आहे," ती दमून म्हणाली.

"तुलाही होईल. उद्यापासून गाडी सुरू करतो. तुझं छत झाल्याशिवाय मी चपलासुद्धा घेणार नाही. त्या माणसाला नको म्हणून सांग."

तिने बादली खाली ठेवली. मग म्हणाली, "सांगते. पण त्या दिवशी दार मी आपटलं होतं."

"छे, मी आपटलं होतं."

"आता यावरून भांडा," वरून सिक्स्तो म्हणाला.

लुमी माझ्यात येऊन बसली. दार ओढायच्या आधी तिने खिडकी बोटभर खाली केली. दार लागलं, ते मलाच ऐकू आलं नाही.

उद्यापासून पुन्हा चढ आहेत, खड्डे आहेत, आणि मी थकलेलीच आहे. म्हणून मित्रांनो, एकच मागणं. माझ्यासारख्या एखाद्या म्हातारीत बसाल, भांडाल आणि रागाने उतराल, तेव्हा राग खुशाल घेऊन जा. फक्त आधी खिडकी बोटभर उघडा.