आदेलिनुच्या हातची पत्रं

“बेल्मिरुकाका, विनोद चांगला आहे. पण तो तुमचा नाही,” रुत म्हणाली.

मी क्लबाच्या व्यासपीठावर माईकचा दांडा धरून उभा होतो. समोर पाच म्हातारे बसले होते, सगळे माझ्यासारखेच समुद्रापलीकडच्या आमच्या वसाहतीत, गिनीच्या लढाईत जाऊन आलेले. कुणीही हसलं नव्हतं. रुतचा बापही तिकडे जाऊन आला होता आणि उरलेलं आयुष्य गप्प राहून मेला. रुत बेजा शहरात लोकांना हसवून पोट भरते. बापाला बोलतं करता आलं नाही, म्हणून आम्हाला लोकांसमोर बोलतं करायचं तिनं मनावर घेतलं होतं.

हे तिला कसं कळलं, असं मी विचारलं. ती म्हणाली, स्वतःचं सांगताना माणूस कुठेतरी अडखळतो. तुम्ही पाठ केलेलं म्हणताय.

खरं होतं. ते आदेलिनुचं होतं.

एकाहत्तर साली आम्ही तिकडे गेलो. तेव्हा आमच्या देशात मुली अनोळखी शिपायांना पत्रं लिहीत. अशा मुलीला शिपायाची धर्ममाता म्हणत. माझी धर्ममाता, देओलिंदा, एकोणीस वर्षांची होती. मला लिहिता येत नव्हतं. आदेलिनु पलीकडच्या गावचा, चार इयत्ता शिकलेला. संध्याकाळी तो दारूगोळ्याच्या खोक्यावर बसे आणि त्याच्यापुढे आमची रांग लागे. मी म्हणायचो, लिही, मी बरा आहे. तो लिहायचा, ‘इथले डास इतके धष्टपुष्ट आहेत, की पहाऱ्यावर आता त्यांनाच उभं करतो.’ नाहीतर, ‘शत्रू झुडपाआड दबा धरून बसतो, पण आम्हा आलेन्तेजूवाल्यांना त्याची भीती नाही. आम्ही आधीच आडवे असतो.’ आमच्या आलेन्तेजू भागातले लोक आळशी, असं सगळा देश म्हणतो. मग तो वाचून दाखवायचा आणि स्वतःच आधी हसायचा.

परत आल्यावर मी देओलिंदाशी लग्न केलं. त्याला पंचेचाळीस वर्षं झाली. ती शेजारणींना सांगायची, याची पत्रं वाचून मी पोट धरून हसायचे. त्या लढाईनं माझा हसरा माणूस नेला. तिनं सगळा दोष लढाईला दिला आणि मी तो देऊ दिला.

आता क्लबात कार्यक्रम होणार म्हटल्यावर तिनं निळा झगा इस्त्री केला. “बघू, परत येतोय का तो,” ती म्हणाली.

रविवारी दुपारी सभागृह भरलं. ती पहिल्या रांगेत, मांडीवर पिशवी घेऊन. मी डासांपासून सुरुवात केली. लोक थोडे हसले. देओलिंदा मात्र माझ्याआधीच ओठ हलवत होती. तिला सगळं पाठ होतं. मी थांबलो.

“हे माझं नाही,” मी म्हणालो. “मला लिहिता येत नव्हतं. पत्रं आदेलिनु लिहायचा. मी फक्त ‘बरा आहे’ एवढंच सांगायचो, आणि तेवढंच तो गाळायचा.”

लोक मोठ्यानं हसले. आदेलिनु तिकडून परत आला नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. पहिल्या रांगेतून देओलिंदाचा आवाज आला.

“म्हणजे इतकी वर्षं मी ज्याची वाट बघतेय, तो कधीच मेलाय होय? कळवायचं तरी.”

सगळं सभागृह खदखदलं. मी ज्या खाणीत राबलो तिथला जुना मुकादम तर डोळे पुसायला लागला.

“कळवलं होतं,” मी म्हणालो.

आदेलिनुचा पाय सुरुंगावर पडला. त्यानंतर आमच्या रांगेला लिहून देणारं कुणी उरलं नाही, म्हणून छावणीत कॉर्पोरल लिहायला शिकवायचा त्या वर्गात बसून मी तीन महिने अक्षरं गिरवली. मग तिला माझ्या हातचं पहिलं आणि एकुलतं पत्र गेलं. त्यात दोनच वाक्यं होती. ती मी माईकवर म्हटली.

“मी बरा आहे. आदेलिनु नाही.”

देओलिंदानं मान खाली घालून पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला.

सोमवारी सकाळी तिनं चुलीवरच्या फळीवरून पत्रं ठेवलेला बिस्किटांचा डबा काढला आणि विचारलं, आदेलिनुची बहीण आहे ना अजून? तिच्याकडे त्याच्या हातचं काही असेल? मी म्हणालो, नसावं. साऱ्या पलटणीची पत्रं त्यानं लिहिली. त्याच्या घरी मात्र वाचणारंच कुणी नव्हतं, म्हणून तिकडे तो फोटो पाठवायचा.

तिनं आदेलिनुच्या हातची एकतीस पत्रं सुतळीनं बांधली. आम्ही बसनं गेलो. त्याची बहीण झुल्मिरा ऐंशीची झाली होती. म्हातारपणी ती वाचायला शिकली होती. तिनं चष्मा लावून एक पत्र वाचलं, हसली, आणि कागद उलटा करून मागेही काही आहे का ते पाहिलं.

“असाच बोलायचा,” ती म्हणाली. पत्रं आम्ही तिच्याकडेच ठेवली.

परतीच्या बसमध्ये देओलिंदा म्हणाली, “तू माईक फार जवळ धरतोस. पुढच्या वेळी जरा लांब धर.”

घरी आल्यावर तिनं डबा फळीवर परत ठेवला. मला वाटलं होतं, तो रिकामा असेल. वर ठेवताना तो कलंडला आणि आत एकच कागद सरकला, माझ्या हातचा.