पिस्टन आणि व्हॉल्व्हमधली जागा

दुसरं येण्याचीही सवय लागते, आणि ती फार वाईट सवय असते. गॅरेजवाल्याच्या लेकीला ती लागली होती. डोंगराच्या रस्त्यावर गाडी हाकण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही, असं तिला हरवणारेसुद्धा म्हणत. पण शेवटच्या चढावर इंजिन कच खायचं आणि निकालात कुणीतरी तिच्या वर असायचंच. इंजिन बाबांचं. ती शर्यतीत उतरली तेव्हापासून प्रत्येक इंजिन त्यांनीच तळमजल्यावरच्या गॅरेजमध्ये बांधलेलं.

यंदा सुटे भाग तिनं स्वतः निवडले. उंच डोक्याचे पिस्टन, व्हॉल्व्ह जास्त खाली ढकलणारा तिखट कॅम. सगळं जेवणाच्या टेबलावर मांडलं तेव्हा आई म्हणाली, "ताटं आता गॅरेजमध्ये वाढू का?" बाबांनी एक पिस्टन उचलला, त्याच्या डोक्यावरून अंगठा फिरवला, "चांगला आहे," म्हणाले आणि खाली ठेवला. हे 'चांगला आहे' तिला पाठ होतं. तेवढं बोलून ते पुढं स्वतःला हवं तेच करत.

म्हणून तिनं चक्क थाप मारली. सिलिंडर आतून कातून घ्यायला इंजिन बोअरिंगला नेते, असं सांगून ती ते दुसऱ्याच कारागिराकडे घेऊन गेली. त्याला सगळे मिलिमीटर म्हणत; हा माणूस चहात साखरसुद्धा मोजून घालतो, अशी त्याच्या बायकोची तक्रार होती. नवं बसवण्याआधी जुनं काय सांगतंय ते बघायचं, ही त्याची रीत. त्यानं जुन्या पिस्टनवर मुलांच्या खेळातल्या मऊ मातीची चकती चिकटवली, वर इंजिनाचं झाकण, म्हणजे हेड, बसवलं, इंजिन हातानं फिरवलं आणि पुन्हा उघडलं. व्हॉल्व्ह खाली येतो तिथं माती दबली होती. ती कापून त्यानं जाडी मोजली. परत मोजली. समाधान होईना म्हणून आणखी एकदा मोजली.

"कुणी बांधलंय?"

"का, चुकलंय?"

"छे. इतका सफाईदार हात चुकून एवढी जागा सोडत नाही. इथं व्हॉल्व्हची आणि पिस्टनची उभ्या जन्मात गाठ पडणार नाही. ताकद हवी तर ही जागा कमी करावी लागते. यानं ती मुद्दाम ठेवलीय."

"कशासाठी?"

"चालवणारा कधीतरी गिअर चुकतो. वरचा टाकायला जातो आणि खालचा पडतो. मग इंजिन वेड्यासारखं फिरतं. जागा नसेल तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, इंजिन अडकतं, त्याच्याबरोबर चाकंही अडकतात." वळणावर असलं तर काय, ते त्यानं सांगितलं नाही. "तू आणलेल्या भागांनी जिंकशील. पण मग गिअर चुकून चालायचं नाही."

मागच्या वर्षी ती चुकली होती. कड्याच्या वळणावर. इंजिन किंचाळलं, पण गाडी पुढं निघाली. तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. नशीब, असं तोंडानं म्हणाली होती, आणि मनातून ते स्वतःचं कसब मानलं होतं.

घरी आली तेव्हा बाबा गॅरेजमध्ये कानस घेऊन बसले होते.

"बाबा, इंजिन बोअरिंगला नाही नेलं."

"माहीत आहे. बोअरिंगवाला सकाळी इथंच चहा पिऊन गेला. मिलिमीटरचं त्यानंच सांगितलं."

तिला हसूही आलं नाही. "तुम्ही मला जाणूनबुजून हरवत आलात?"

बाबांनी हात पुसायला घेतले. स्वच्छ झाले तरी पुसतच राहिले. "हो."

भांडायची सगळी तयारी करून आली होती. त्या एका 'हो'नं सगळं मुसळ केरात गेलं. राग मात्र गेला नाही. डोळ्यांतून वाहायला लागला.

"दरवर्षी ठरवतो, यंदा पूर्ण ताकदीचं बांधायचं," बाबा म्हणाले. "त्या कपाटात बघ, तुझ्याहून तिखट कॅम आणून ठेवलेत. बांधायला बसलो की तो कडा दिसतो. मग हात ऐकत नाहीत."

"आता बांधा. मी सांगते म्हणून."

"माझ्याच्यानं व्हायचं नाही, बाळा. मिलिमीटरकडेच राहू दे. चांगला बांधतो. आणि तो तुझा बाप नाही."

जिना चढता चढता तिनं फोन लावला. "माझेच भाग बसवा."

"घरी विचारलंस?"

"बाबांनीच सांगितलं."

"बरं. घाबरत नाहीस ना?"

"नाही," ती सवयीनं म्हणाली.

त्या रस्त्याची तिला कधीच भीती वाटली नव्हती. लोक तिला धीट म्हणत आणि तिलाही ते खरं वाटायचं. फोन ठेवला तेव्हा तळहात गार पडले होते. ती तिथंच पायरीवर बसली. यंदा डोंगर चढायला ती पहिल्यांदाच एकटी जाणार होती.