पांढऱ्या टेबलावरची सही

मी एक जुना पांढरा टेबल आहे. मित्रांनो, जुना आहे हे तर दिसतंच. पांढरा आहे हे मात्र आता सांगावं लागतं, कारण माझ्या उजव्या कडेला तळहाताएवढ्या जागेत रंग उडून आतलं लाकूड उघडं पडलं आहे. लाखनीच्या आमच्या घरी येणारा पाहुणा आधी तिथेच बघतो आणि विचारतो, "हे काय झालं?" घरातले लगेच चहाचं विचारतात. म्हणून मीच सांगतो.

माझा जन्म कोंढ्याचा. तिथल्या सुतारानं मला सागवानातून घडवलं, रत्नमालाच्या लग्नात आंदण द्यायला. रत्नमालाला नर्स व्हायचं होतं. ते काही जमलं नाही, घरी लग्नाची घाई होती. मग तिनं वडिलांजवळ एकच हट्ट धरला, की टेबल दवाखान्यातल्यासारखा पांढरा पाहिजे. सुतार कुरकुरला. "सागवानावर कोनी पांढरा रंग मारते का, बाई?" म्हणाला. पण मारला, आणि चांगला मारला. मी असा गुळगुळीत झालो की माशी बसली तर घसरावी. तेव्हापासून थोडा गर्व माझ्या अंगात आहे, तो अजून पुरता गेलेला नाही.

जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये मला खिडकीजवळ ठेवलं. रत्नमालाचा नवरा सुगत तिथल्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून होता. त्याचे वडील चिंधूबाबा रोजमजुरीवर जगलेले, अक्षराशी कधी गाठ न पडलेले. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यानंतर घरात जन्मलेलं पहिलं मूल म्हणजे सुगत. चिंधूबाबांनी बुद्धाचं हे नाव विचारून, निवडून ठेवलं आणि पोराला शाळेत घातलं. स्वतः मात्र ते जन्मभर अंगठाच देत राहिले. आता अंगठा दिला की शाई पुसायची कुठे? डोक्याच्या केसांना, भिंतीला, नाही तर समोर जे असेल त्याला.

एकदा क्वार्टरवर पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन आला. चिंधूबाबांनी माझ्यावरच कागद ठेवून अंगठा दिला आणि सवयीनं माझ्या उजव्या कडेला पुसला. मग एकदम जीभ चावली.

"अरे बापा! सुनबाईचा टेबल खराब केला ना मी!"

सुगत हसला. "राहू द्या, बाबा. आपल्या घरातला हा शेवटचा अंगठा समजा. आता फक्त सही."

चिंधूबाबांचा चेहरा तेव्हा काय फुलला होता! मी तो विसरलेलो नाही.

त्या दिवशी रत्नमालानं माझ्यावरचा पहिला डाग काढला. आधी कोरड्या सुती कापडानं ओली शाई टिपून घेतली. मग कापसाच्या बोळ्याला थोडंसं स्पिरिट लावलं, तेही पिळून, आणि माझ्या मागच्या पायाला, जिथे कोणाचं लक्ष जात नाही तिथे, टेकवून पाहिलं. रंग सुटत नाही याची खात्री झाल्यावरच डागाकडे वळली. बाहेरून आत, हलक्या हातानं दाबत गेली. बोळा निळा झाला की टाकायचा, नवा घ्यायचा. शेवटी ओलसर फडकं फिरवून लगेच कोरडं केलं. जखम बांधताना नर्सचा हात असाच चालत असेल.

"जोरात घास ना, लवकर निघंल," सुगत म्हणाला.

"घासाचं नाही जी, टिपाचं. घासलं का शाई पसरते अन् रंग बी जाते."

मग कितीतरी वर्षं गेली. सुगतची सही साऱ्या कॉलनीत नावाजलेली. त्याच्या 'सु'चा उकार खाली वळून अख्ख्या नावाला कडेवर घ्यायचा. घरी तो शाईचं पेन झटकून कोऱ्या कागदावर उगाचच सही करायचा आणि मान तिरपी करून बघत बसायचा. पेन गळायचं, मला डाग पडायचा, रत्नमाला टिपायची. चिंधूबाबा गेले, मुलगा शिकून कामाला लागला, सुगत निवृत्त झाला. आम्ही लाखनीला स्वतःच्या घरात आलो. इथे महामार्गावरच्या ट्रकांची धूळ दिवसभर अंगावर बसते. ती पुसून निघते, तिचं काही नाही.

मग सुगत विसरायला लागला. आधी चष्मा, मग जेवण झालं की नाही ते, मग बाजारातून घरची वाट. आणि एके सकाळी त्यानं पेन उघडलं आणि कागद न घेता थेट माझ्यावर सही केली. मी पांढरा, आणि त्याला पांढरं म्हणजे कागद. माझ्या रंगाचा मला पहिल्यांदाच राग आला.

आता हे रोजचंच झालं. तो सही करून अंगणात जाऊन बसला की रत्नमाला कापूस आणि स्पिरिट घेऊन यायची. सून तृप्ती वैतागली.

"आई, पेनच लपवून ठेवा ना! किती दिवस पुसून राहाल?"

"पेन काढून घेतलं त मानूस काय करंन वो? करू दे सही त्याइले. पुसाले मी आहो ना."

पण मित्रांनो, रोज पुसणाऱ्याला सगळ्यांच्या आधी कळतं. डॉक्टरांनी सांगण्याआधी तिला कळलं. पुसण्यापूर्वी ती सही वाचायची. एक दिवस उकार नव्हता. पुढे 'ग' हरवला. मग नुसता 'स' उरला, आणि नंतर एक वाकडी रेघ. त्या रेघेवर बोळा ठेवून ती कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. स्पिरिट उडून गेलं, दुसरा बोळा घ्यावा लागला.

हयातीच्या दाखल्यासाठी बँकेतून उर्वशी नावाची मुलगी घरी आली. बोलायला गोड होती. तिनं कागद माझ्यावर ठेवला.

"बाबा, इथे सही करा."

सुगत ताठ बसला. "सही येते मले," म्हणाला. "माया बापाले नव्हती येत."

त्यानं पेन टेकवलं. ते तिथेच थांबलं. शाईचा थेंब फुगत गेला. सुगतनं मान वर करून बायकोकडे पाहिलं.

"कुठून सुरू होते वो?"

"सु... सु काढा जी," रत्नमाला म्हणाली. सुगतचा हात हलला नाही.

उर्वशीनं हळूच पिशवीतून स्टॅम्पपॅड काढलं. "असू द्या बाबा, अंगठा बी चालते." तिनंच त्याचा अंगठा धरून पॅडवर दाबला, मग कागदावर. त्या पोरीचा काही दोष नव्हता. सुगतनं निळ्या अंगठ्याकडे पाहिलं आणि माझ्या उजव्या कडेला पुसला, बापानं पुसला होता अगदी तिथेच. जीभ मात्र चावली नाही.

उर्वशीला दारापर्यंत पोचवून रत्नमाला परत आली. तिनं कापूस घेतला नाही. दारं रंगवून उरलेलं थिनर आणि भांड्यांची तारेची घासणी घेऊन आली, आणि दात आवळून घासायला लागली.

"आई, काय करून राहिल्या? तुमीच त सांगता ना घासाचं नाही म्हनून!" तृप्ती धावत आली. रत्नमालाला ऐकूच गेलं नाही. शाई केव्हाच गेली होती. मग माझा रंग फुगला, सुरकुतला, त्याची सालं निघाली, तरी ती घासतच होती. सागवान उघडं पडलं तेव्हा हात थांबला. मग माझ्यावर डोकं टेकवून ती रडली. मला दुखलं, पण माझं राहू द्या. ती शाई स्पिरिटच्या दोन बोळ्यांनी निघाली असती. तिला जे पुसायचं होतं, ते माझ्यावर नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुगत नेहमीसारखा माझ्याजवळ येऊन बसला. उघड्या लाकडावर त्यानं बोट फिरवलं.

"हे कोनं केलं?"

"मी केलं जी," रत्नमाला म्हणाली.

तो रागावला नाही. खिशातला रुमाल काढून त्यानं त्याची घडी केली आणि त्या जागेवर हलकेच दाबायला लागला. बाहेरून आत, बाहेरून आत.

"कायले घासलं, बाई? मायी बायको म्हनते, घासाचं नाही, टिपाचं."

'बाई' म्हणाला तो तिला, परक्या बाईला म्हणतात तसं. रत्नमाला पदर तोंडाला लावून उभी राहिली.

"बरोबर म्हनते जी ती," ती म्हणाली.

आता सुगत पेन मागत नाही; ते माझ्या ड्रॉवरमध्ये पडून आहे, शाई सुकून गेली आहे. नवा रंग लावू या असं तृप्ती म्हणते, रत्नमाला ऐकून घेते आणि विषय बदलते. मित्रांनो, तुमच्या घरी पांढऱ्या टेबलावर शाई सांडली, तर ज्याच्या हातून सांडली त्याच्यावर ओरडू नका आणि रागाच्या भरात घासणी उचलू नका. गेलेला रंग परत बसत नाही. डाग टिपायला हलका हात लागतो आणि थोडा धीर लागतो.

रत्नमाला अजूनही रोज सकाळी कापूस घेऊन माझ्याजवळ येते. डाग कुठेच नसतो. ती टिपते.