अक्कलदाढ आणि नवा कंपायलर

तो पेशाने गणिताचा प्राध्यापक, पण त्याचा जीव अडकलेला बायकोच्या दवाखान्यातल्या कॉम्प्युटरमध्ये. बायको दातांची डॉक्टर. तिचा कॉम्प्युटर चालवणारी लिनक्स प्रणाली त्यानंच हौसेनं बसवलेली. एक्स-रेचं यंत्र जुनं, ते बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. कॉम्प्युटरला ते यंत्र चालवायला शिकवणारा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये नव्हताच. बाहेरून आणून दर नव्या कर्नलसाठी कंपायलरकडून, म्हणजे माणसानं लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामकडून, पुन्हा तयार करून घ्यावा लागे. आजवर ते बिनबोभाट व्हायचं.

रविवारी त्याला हुक्की आली आणि त्यानं सगळं अपडेट केलं. कर्नल नवं, कंपायलर नवा. वर साफसफाईच्या भरात जुनं कर्नल पुसूनही टाकलं, म्हणजे मागे फिरायची वाटच उरली नाही.

सोमवारी सकाळी पहिल्या पेशंट नेमक्या सासूबाई! गाल टम्म सुजलेला, अक्कलदाढ ठणकत होती. बायकोनं एक्स-रेची पट्टी आईच्या तोंडात नीट बसवली आणि बटण दाबलं. पडदा कोरा.

तिनं पुन्हा दाबलं. मग सावकाश मान वळवली. "काल तू इथं काय करत होतास?"

"काही नाही गं, जरासं अपडेट..."

"कोणी सांगितलं होतं?"

 तो कीबोर्डसमोर जाऊन बसला. ड्रायव्हर तयार करायला घेतला, तर पडद्यावर लाल अक्षरांची रांग लागली. ड्रायव्हर लिहिणाऱ्यानं एक फंक्शन, म्हणजे ठरावीक काम करणारा प्रोग्रामचा तुकडा, आधी ओळख करून न देताच वापरलं होतं. जुना कंपायलर त्यावर नुसती कुरकुर करून पुढे जायचा. नवा अडून बसला.

मग त्यानं जुना कंपायलर परत आणला. त्याला नव्या कर्नलची भाषाच कळेना. ही कसली खूण, मला माहीत नाही, म्हणून त्यानंही हात वर केले.

"एका फंक्शनची ओळख करून दिली नाही म्हणून नव्याला ड्रायव्हर चालत नाही आणि जुन्याला कर्नल," तो सासूबाईंना समजावू लागला. "म्हणजे बघा आई, मी दोघांच्या मध्ये..."

"ऊं! ऊंऊं!" सासूबाई म्हणाल्या. लग्न झाल्यापासून जावयाला त्यांच्यासमोर इतकं सलग बोलायला पहिल्यांदाच मिळालं होतं. त्याला चेव चढला. तो कंपायलरच्या जन्मापासून सुरुवात करणार, इतक्यात बायकोनं आईच्या तोंडातली पट्टी काढली.

"जावईबापू," सासूबाई गाल धरून म्हणाल्या, "ओळख करून दिली नाही म्हणून अडलंय ना? मग द्या की करून! का मुहूर्त बघताय?"

तो वरमला. खरंतर तो तिथंच येणार होता, पण फार लांबून. त्यानं नवा कंपायलर पुन्हा पुढे केला, ड्रायव्हरच्या फाइलमध्ये वरच्या बाजूला त्या फंक्शनची ओळख करून देणारी एक ओळ लिहिली आणि ड्रायव्हर पुन्हा तयार करायला लावला. लाल अक्षरं आली नाहीत. यंत्राचा हिरवा दिवा लागला.

पट्टी पुन्हा तोंडात गेली, बटण दाबलं, आणि पडद्यावर दाढ उमटली. आडवी, शेजारणीच्या अंगावर रेललेली.

"काढावी लागेल," बायको म्हणाली. मग सुई भरता भरता नवऱ्याकडे न बघता पुढे म्हणाली, "आणि कॉम्प्युटरचा पासवर्ड मी आज बदलणार आहे."

पट्टी बाहेर आल्याबरोबर सासूबाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले. "तो नंतर बदल गं. आधी यंत्र चालू आहे तोवर दुसऱ्या बाजूचाही फोटो काढून घे. जावईबापू इथंच बसलेत अजून."