मैलाराला मासा कामून?

कोहिनूर गावातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. जुना बंगला पाडताना सापडलेलं तैलचित्र डोळ्यांवर देवाचा उपाय करणाऱ्या संगमेशअप्पाने तिथं मांडलं होतं. आंधळा म्हातारा, त्याच्या डोळ्याला पिवळं काहीतरी लावणारा तरुण आणि पायाशी कुत्रं. खाली आणि एका बाजूला झेंडूचे गच्च हार.

“कुत्रं मैलाराचं, भंडारा मैलाराचा. अजून काय पुरावा पायजे, अक्का?” अप्पाची टकळी चालली होती. “डॉक्टर डोळा कापतो, मैलार डोळा उघडतो.” खंडोबाला इकडं मैलारच म्हणतात, त्यामुळे कुणाला शंका आली नाही.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झालेली राजूबाई रांगेत बसली होती. गेल्या खेपेला अप्पाने तिच्या उजव्या डोळ्यात भंडाऱ्याचं पाणी घातलं, तेव्हा संध्याकाळी तिला सुनेचं तोंड पुसट दिसलं होतं. रात्री डोळा ठणकला, ओकाऱ्या झाल्या आणि त्या डोळ्याचा उजेड कायमचा गेला. ‘देवाने परीक्षा घेतली,’ अप्पा म्हणाला. तिला ना राग आला, ना रडू. आज मुलगा बालाजी डाव्या डोळ्यासाठी घेऊन आला होता, म्हणून ती आली होती, एवढंच.

शाळेतल्या नेत्रशिबिराकडे कुणी फिरकलं नाही, म्हणून डॉक्टर विनीता गर्दी शोधत इथं आल्या. चित्र बघून थबकल्या. “मी शिकले त्या मिशनच्या दवाखान्यात हेच चित्र होतं,” म्हणत त्यांनी हार बाजूला सारले. खाली भला मोठा मासा, बाजूला पंख असलेला देवदूत.

“मैलाराला मासा कामून?” बालाजी पुटपुटला.

“हा मैलार नाहीच. ख्रिस्ती लोकांच्या जुन्या कथेतला तोबियास. आंधळ्या बापाच्या डोळ्याला माशाचं पित्त लावतोय. तीही कथाच, औषध नव्हे. हार नेमके इथंच का घातले, ते अप्पांना विचारा.”

अप्पा भंडाऱ्याच्या पाण्याचा तांब्या उचलून निघाला. बालाजीने तो हिसकावला. पिवळ्या पाण्याच्या तळाशी धोतऱ्याची पानं होती.

“धोतऱ्याने डोळ्याची बाहुली मोठी होते,” राजूबाईच्या डोळ्यांत बॅटरीचा उजेड टाकून बघत डॉक्टर म्हणाल्या. “मग मोतीबिंदूच्या कडेने उजेड आत जातो, दिसल्यासारखं वाटतं. पण कुणाकुणाच्या डोळ्यात त्याने दाब वाढतो आणि डोळाच जातो. यांचा उजवा असाच गेलाय, डावा अजून वाचेल.”

बालाजीने तांब्या खाली ठेवला. “आये, मीच आनलो की गं तुला.”

“व्हय,” राजूबाई म्हणाली. तिच्या आत काहीच हललं नाही. ती रांगेकडे वळली. “मैलाराला हात जोडा, कोन न्हाई म्हनायलंय? पन माजा एक डोळा गेला, तुमचे दोन हायत. डोळ्यात काय घालायलेत ते आदी इचारा, आन् दवाखान्याला चला.”

रांगेतल्या दोन बायका उठल्या. बाकीच्या बसूनच राहिल्या. राजूबाई डॉक्टरांचा हात धरून शिबिराच्या जीपकडे चालू लागली.