उकळलेले आवळे

देवमनच्या बैलाच्या दातांवर तपकिरी डाग पडले होते आणि पायांची हाडं सुजून तो लंगडत होता. दोष वस्तीतल्या हापशीच्या पाण्याचा. बाहत्तरच्या दुष्काळानंतर आमच्या आसेगाव भागात जिथंतिथं हापशा बसवल्या, पण पाण्यात फ्लोराइड किती आहे हे बघायची तसदी कोणी घेतली नाही. मी गुरांचा डॉक्टर, वर अर्ज करकरून थकलो. शेवटी हाती उरले आवळे. आवळा आणि हिरवा चारा मिळाला तर जनावर हे विष थोडंफार झेलतं, असं वाचनात आलं होतं.

"रोज ओंजळभर कच्चे आवळे ठेचून द्या," असं देवमनला बजावलं होतं. महिन्याने गेलो तर बैल उठायला तयार नाही. देवमनची बायको विमलबाई चुलीशी बसली होती आणि भगुण्यात आवळे रटरटत होते.

"हे काय चाललंय?"

"काढा," देवमन म्हणाला. "ढोराले दवाई कच्ची कोन देते, साहेब? सकायपासून उकयून राह्यलो. पार आटवतो, मंग बांबूच्या नळ्यानं पाजतो."

"पाणी कुठलं?"

"हापशीचं."

मी कपाळावर हात मारला. आवळ्याचा गुण वाफेबरोबर गेला आणि विष तेवढं आटून घट्ट झालं! महिनाभर हा माणूस जीव लावून बैलाला तेच पाजत होता.

"उकळायला सांगितलं होतं कोणी? आणि हापशीचं पाणी बंद. गावातल्या विहिरीवर न्या त्याला."

देवमन परत भगुणं ढवळू लागला. त्या विहिरीवर बौद्ध वस्तीला पाणी भरू देत नव्हते, म्हणून तर ही हापशी आली होती. मी तडक गावातल्या नानाजींकडे गेलो. विहीर त्यांच्याच शब्दावर चालायची. भांडायच्या तयारीनेच गेलो होतो.

"बैलाले कोन अडवते?" नानाजी हसले. "पाजा म्हना इहिरीजवळच्या हौदावर. मुकं जनावर हाये."

मी वस्तीत परत आलो.

"बैलाची सोय झाली," मी सांगितलं.

विमलबाईने चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं.

"बरं झालं, साहेब. पन लेकरंबी हेच पानी पेतात. त्याइले बैलासंगं हौदावर धाडू काय?"

मी पिशवी उचलली. असा संताप मला कधी आला नव्हता.