कुंपणावरच्या दोन वेली

महाविद्यालयाच्या वनस्पतिसंग्रहात ती वाळवलेल्या रोपांवर चिठ्ठ्या चिकटवत बसली होती. तेवढ्यात दादानं दोन वेली तिच्या टेबलावर टाकल्या.

"निवाडा कर बाई. तुझी वहिनी म्हणते, कुंपणावर वेल एकच. एका फांदीला फूल आलंय, दुसरीला यायचंय. मी म्हणतो, दोन आहेत. पैज लागलीय."

तिला हसू आलं. या नवरा-बायकोचं विळ्या-भोपळ्याचं सख्य जुनंच होतं. भिंग पुसून तिनं पानं उजेडात धरली. एकीचं पान बदामाच्या आकाराचं, शिरांच्या मधे बारीक जाळी. दुसरीचं भाल्याच्या पात्यासारखं, शिरा समांतर, टोक आधार पकडायला नखासारखं वळलेलं. आणि तिलाच फूल, लाल-पिवळं, ज्वाळांसारखं.

"जिंकलास. ही कोनफळाची बहीण. ही फूलवाली कळलावी. हिला पूर्वी लिलीच्या कुळात घालायचे, आता कूळही वेगळं केलंय."

"कळलावी! तरीच घरात कळ लावली." दादा खो खो हसला. "ती म्हणाली, खाली कंद सारखेच असणार, मग वेली दोन कशा? उकरले आणि सकाळी उकडलेसुद्धा."

भिंग तिच्या हातात तसंच राहिलं. "दिसायला कसे होते?"

"काही गोल, काही नांगरासारखे वाकडे."

"खाल्ले?"

"मी एक घास, तिला चिडवायला. तिनं वाटीभर. अगं, चेहरा काय करतेस? चार तास झाले, दोघं ठणठणीत आहोत."

कळलावीच्या कंदातलं विष उकडून जात नाही, आणि त्याला घाई नसते. खोलीत गारवा होता. दादाच्या कपाळावर मात्र घाम चमकत होता.

तिनं वहिनीला फोन लावला. दोनदा वाजून थांबला. तिसऱ्यांदा वहिनीचा आवाज आला, खोल गेलेला. "काही नाही गं, जरा मळमळतंय. पडलेय."

"दार उघडं ठेवा वहिनी. मी दवाखान्याची गाडी पाठवते."

दोन्ही पानं आणि फूल कागदात गुंडाळून तिनं दादाला दंडाला धरून उठवलं. तो आता हसत नव्हता.

दादा चार दिवसांत दवाखान्यातून घरी आला. बाराव्या दिवशी वहिनीनं मान उचलली, तेव्हा केसांचा पुंजका उशीवरच राहिला. केस येतील, डॉक्टर म्हणाले. मूत्रपिंडाचं अजून सांगता येत नाही. दादा तिला रोज भरवतो. प्रत्येक घास आधी स्वतः चाखतो, आणि बराच वेळ थांबतो.